संसार आणि श्रद्धा : ‘स्मृतिचित्रे’चे एक पुनर्वाचन

१

लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला आणि अखेरचा, चौथा भाग त्यांच्या निधनानंतर वाचकांच्या हाती आला. तेव्हापासून आजतागायत मराठी आत्मचरित्राच्या कोणत्याही विवेचनात या ग्रंथाचे नाव अग्रभागी असते. त्याची थोरवी सांगताना समीक्षकांनी बहुधा चार गुणांचा निर्देश केला आहे : निवेदनातील निर्व्याज सहजता, दुःखाच्या प्रसंगीही न आटणारा विनोद, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे अविस्मरणीय व्यक्तिचित्र, आणि औपचारिक शिक्षण जवळजवळ न लाभलेल्या एका स्त्रीने घडविलेली अस्सल घरगुती मराठी. हे चारही गुण ग्रंथात आहेत, याविषयी दुमत संभवत नाही. तरीही ज्या गोष्टीवर या स्त्रीने आपल्या संसाराचा उत्तरार्ध उभा केला, त्या श्रद्धेला आपल्या समीक्षेने या चौकटीत कोठे स्थान दिले, असा प्रश्न विचारला असता उत्तर समाधानकारक मिळत नाही.

ही उपेक्षा दोन दिशांनी झालेली दिसते. मराठीच्या मुख्य प्रवाहातील वाचकाने टिळकांचे धर्मांतर हा या कथेतील एक नाट्यमय प्रसंग मानला. त्यामुळे संसार कसा मोडला आणि पुन्हा कसा जुळला, एवढ्यापुरतेच त्याला त्याचे महत्त्व वाटले. ख्रिस्ती वाचकाने, उलटपक्षी, या ग्रंथाकडे साक्षीचा ग्रंथ म्हणून पाहिले आणि त्यातील थट्टा, कुरबुरी, भांडणे यांना गोड पण गौण तपशील समजून बाजूला ठेवले. एकाला संसार दिसला, दुसऱ्याला श्रद्धा दिसली. प्रस्तुत लेखकही या दोषापासून मुक्त नाही. अनेक वर्षे पदव्युत्तर वर्गाला हा ग्रंथ शिकविताना मी विनोद आणि व्यक्तिचित्रण या दोन विषयांवर तासच्या तास बोललो. श्रद्धेचा भाग ‘धार्मिक पार्श्वभूमी’ या एका उपशीर्षकात आटोपला. ग्रंथ जेथे सर्वांत खोल आहे तेथेच आपण घाईने पुढे जात होतो, हे पुढे पुन्हा वाचताना ध्यानात आले. हा लेख काही अंशी त्या चुकीची दुरुस्ती आहे.

२

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाची परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोमंतकात छापले गेले. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये सुरू झाले. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या ‘अरुणोदय’ने मराठी आत्मचरित्राच्या आरंभकाळात महत्त्वाची जागा मिळविली. ‘अरुणोदय’सारख्या धर्मांतरकथनांची एक रीत आहे. जुन्या धर्माविषयी शंका निर्माण होते, शोध सुरू होतो, वादविवाद घडतात, मनाची घालमेल होते आणि अखेरीस बाप्तिस्म्याने कथा कळसास पोहोचते. अशा कथनाचा नायक एकटा असतो. घर, आप्त, जात ही त्याच्या वाटेतील विघ्ने असतात आणि ती ओलांडून जाणे हा त्याचा पुरुषार्थ ठरतो.

‘स्मृतिचित्रे’ची रचना याहून मूलतः वेगळी आहे. येथे धर्मांतराचा निर्णय प्रथम दुसऱ्याने घेतला आहे आणि निवेदिका ही त्या निर्णयाने मागे राहिलेल्या घराचा भाग आहे. धर्मांतरकथनांत जिला विघ्न म्हणून उभे राहावे लागते, तीच व्यक्ती येथे बोलते. मराठी वाङ्मयात ही दृष्टी प्रथमच अवतरली, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथातही पतीच्या विचारांमागून चालणारी पत्नी आहे आणि घरातील वडीलधाऱ्यांचा विरोध आहे. परंतु तेथे पती घर सोडून जात नाही, पत्नीला जात आणि नवरा यांपैकी एकाची निवड करावी लागत नाही. लक्ष्मीबाईंवर ती वेळ आली, आणि त्या निवडीला त्यांनी पाच वर्षे घेतली. या पाच वर्षांचे मोल समजल्याखेरीज त्यांच्या श्रद्धेचे स्वरूप समजणे अशक्य आहे.

३

घटनाक्रम परिचित आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यात झाला. अकराव्या वर्षाच्या सुमारास टिळकांशी विवाह झाला. पती कवी, विद्वान, उदार आणि कमालीचा अस्थिर; नोकऱ्या धरल्या जात, सुटत; बिऱ्हाडे बदलत. राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी लक्ष्मीबाई सव्वीस वर्षांच्या होत्या आणि मुलगा दत्तू अवघा तीन-चार वर्षांचा होता.

पुढील काळात लक्ष्मीबाईंची सामाजिक अवस्था कोणत्याच नावात बसत नव्हती. त्या सौभाग्यवती होत्या, पण नवरा जातीला मेला होता. विधवेच्या वाट्याला येणारी दया आणि सवाष्णीला मिळणारा मान, दोन्ही त्यांना अर्धेमुर्धेच लाभले. आप्तांनी आधार दिला. नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी दिवस गेले. मनाचा तोल जाण्यापर्यंत वेळ आली. याच विरहकाळात त्यांच्यातील कवयित्री जागी झाली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

या प्रकरणांत नवऱ्याच्या नव्या धर्माविषयी त्यांना राग आहे, भीती आहे, जिज्ञासा मात्र जवळजवळ नाही. त्या सत्यशोधनाला निघालेल्या नाहीत. त्यांना हवा आहे तो आपला संसार. आणि तरीही त्यांचे मन देवाशी बोलत राहते. पंढरीच्या वास्तव्यात त्यांच्या दुःखाला जो सूर मिळाला, तो त्यांच्या मातीतील भक्तीचाच आहे. माझ्या मते या ग्रंथातील श्रद्धेचा पाया येथे, धर्मांतरापूर्वी, घातला गेला आहे. संकटात देवावर भार टाकण्याची सवय लक्ष्मीबाईंना ख्रिस्ती झाल्यावर लागली नाही. ती त्यांनी सोबत आणली. टिळकांनीही आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असे मानले होते आणि त्यांच्या ‘अभंगांजली’चा छंदच त्याचा पुरावा आहे. पती पुस्तकांतून आणि चिंतनातून ज्या सांध्यापर्यंत पोहोचला, तेथे पत्नी स्वतःच्या विपत्तीतून पोहोचली.

४

मग लक्ष्मीबाईंच्या जीवनात ख्रिस्ती श्रद्धेने नेमके काय बदलले? या प्रश्नाचे उत्तर ग्रंथातील सोवळ्याच्या सूत्रात सापडते. ग्रंथाच्या आरंभीच आपल्याला त्यांच्या वडिलांचे सोवळे भेटते. तेथे शुचितेचा अतिरेक इतका आहे की, घरातील माणसांना श्वास घेणेही अवघड व्हावे. लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत सांगतात, म्हणून वाचकही हसतो. परंतु थोडे थांबून पाहिले, तर त्या घरावर भीतीचे राज्य आहे हे कळते. काय कशाला शिवेल, कोणाची सावली कोठे पडेल, कोणती वस्तू केव्हा विटाळेल, या धाकात बालपण गेले आहे. वडिलांचा देव आहे तो रागावणारा आणि मोजदाद ठेवणारा.

पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई दत्तूसह टिळकांकडे आल्या, तेव्हा त्या हे सोवळे घेऊनच आल्या. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही, ही त्यांची मोठी थोरवी होय. एका छताखाली दोन धर्म नांदू लागले. या विभागलेल्या घराचे चित्र मराठी गद्यातील अत्यंत मोलाच्या पृष्ठांपैकी आहे. त्यातील कोणताही तपशील सिद्धांत म्हणून येत नाही; तो भांड्यांच्या, पाण्याच्या आणि पंक्तीच्या रूपाने येतो.

आणि मग राहुरीच्या वास्तव्यात तो क्षण येतो. जाती माणसांनी केल्या, देवाने केल्या नाहीत, हा विचार त्यांच्या मनात उगवतो आणि त्या कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास सिद्ध होतात. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये, होतो; पण खरे धर्मांतर पाण्याच्या त्या घोटाबरोबरच होऊन गेले आहे. पुरुषांच्या धर्मांतरकथांत जी जागा ग्रंथवाचनाची आणि वादविवादाची, ती येथे माजघराची आहे. ज्या स्त्रीचे सारे धर्मजीवन स्वयंपाकघरात बांधले गेले होते, तिची मुक्तीही तेथेच घडावी, यात एक अंतर्गत तर्कसंगती आहे. वडिलांच्या घरातील धाक येथे संपतो. पुढे या बाईंच्या लेखनात देवाविषयी भीती जवळजवळ आढळत नाही. आढळतो तो भरवसा, आणि ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्याशी माणूस करतो तशी सलगी.

५

परंतु भरवसा हा शब्द उच्चारणे सोपे. रोज सकाळी चूल पेटविणे कठीण. टिळकांच्या घरात हे द्वंद्व अखंड चालू होते. टिळक देणारे होते. दारी आलेल्याला विन्मुख पाठवणे त्यांना माहीत नव्हते. उद्याची चिंता करू नये, ही ख्रिस्ताची शिकवण त्यांनी अक्षरशः आचरली. मात्र त्या आचरणाचा हिशेब लक्ष्मीबाईंना ठेवावा लागे. घरात धान्य किती, पाहुणे किती, पगाराला अवकाश किती, हे ज्याला ठाऊक असते त्याची श्रद्धा आणि ज्याला ठाऊक नसते त्याची श्रद्धा यांत फरक असतो. पहिलीची किंमत अधिक, असे मला वाटते.

ग्रंथातील विनोदाचा उगम बहुतांशी या फरकात आहे. नवरा स्वर्गाकडे पाहत चालतो आणि बायको त्याच्या पायाखालचे दगड उचलते. दोघांचाही देव एकच. लक्ष्मीबाई टिळकांच्या विक्षिप्तपणाची थट्टा करतात, त्यांच्या तापट स्वभावाचे वर्णन हातचे न राखता करतात, घरातील भांडणे लपवीत नाहीत. तथापि या थट्टेला विषाचा स्पर्श नाही, आणि पतिव्रताधर्माच्या जुन्या संस्काराने तिचा पुरता उलगडा होत नाही. आपण आणि आपला नवरा दोघेही कोणा तिसऱ्याच्या हातात आहोत, अशी खोल जाणीव त्या थट्टेच्या तळाशी आहे. ज्याला सर्व भार स्वतःच वाहायचा असतो, त्याला हसू येत नाही. या अर्थाने लक्ष्मीबाईंचा विनोद हे त्यांच्या श्रद्धेचे वाङ्मयीन रूप आहे, आणि समीक्षेने जे दोन विषय वेगळे मानले ते मुळात एकच आहेत.

संकटांची मालिका लहान नाही. बालपणीच दगावलेली अपत्ये, दारिद्र्य, स्थलांतरे, स्वतःची आजारपणे. नंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेला भीषण दुष्काळ आणि प्लेगची साथ. या काळात टिळकांच्या घराने अनाथ मुलांना आश्रय दिला आणि लक्ष्मीबाईंनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. वडिलांच्या घरी स्पर्शाला भिणारी मुलगी प्लेगच्या रोग्यांजवळ बसते, ही गोष्ट त्या कोणताही आव न आणता सांगतात. मागील सोवळ्याशी तिचा संबंध त्या स्वतः जोडीत नाहीत. तो वाचकाने जोडायचा आहे. धर्मपर लेखनात सहसा न आढळणारा हा संयम आहे. बोध सांगण्याची संधी त्या पुनःपुन्हा सोडून देतात.

तरुण कवी बालकवी ठोंबरे यांचे या घरातील वास्तव्य हाही याच सूत्राचा एक पदर आहे. धर्माने ब्राह्मण असलेला हा मुलगा ख्रिस्ती घरात लेकासारखा राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याचे लाड केले, त्याचे हट्ट सोसले. मे १९१८ मध्ये रेल्वे अपघातात बालकवींचा अंत झाला. या घराने ज्यांना आपले मानले त्यांच्या जातिधर्माची चौकशी केली नाही, आणि त्यांच्या मृत्यूचे दुःखही तसेच, भेद न करता, सोसले.

६

सर्वांत कठीण कसोटी अजून यायची होती. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची चाकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या सर्व ख्रिस्तभक्तांचा एक बंधुसंघ त्यांना उभारायचा होता. भारतीय ख्रिस्ती विचाराच्या इतिहासात या प्रयत्नाचे स्थान निर्विवाद आहे. परंतु पत्नीच्या बाजूने पाहिले तर १८९५ चेच दुसरे आवर्तन तिच्यासमोर उभे होते : देवाच्या नावाने नवरा पुन्हा एकदा संसाराच्या कक्षेबाहेर निघाला होता. फरक एवढाच की, या वेळी त्याचा देव तिचाही देव होता. पहिल्या वेळी ती देवाकडे नवऱ्याविरुद्ध गाऱ्हाणे नेऊ शकत होती. आता ते दारही पूर्वीसारखे उघडे नव्हते. ‘स्मृतिचित्रे’चे खरे मर्म या दोन आवर्तनांच्या तुलनेत आहे, असे मला आग्रहाने म्हणावयाचे आहे. पहिल्या वेळी लक्ष्मीबाई कोसळल्या. दुसऱ्या वेळी त्या उभ्या राहिल्या. मधल्या बावीस वर्षांत श्रद्धेने काय दिले, याचे याहून स्पष्ट उत्तर मिळणे नाही.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत निवर्तले. त्यानंतर लक्ष्मीबाई सतरा वर्षे जगल्या. वैधव्यात त्यांनी कोणावर भार होऊन राहणे नाकारले. टिळकांनी आरंभिलेले आणि अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनी हाती घेतले आणि त्याचा फार मोठा भाग स्वतः रचला. ज्या नवऱ्याने त्यांना अक्षरांची गोडी लावली, त्याचे अपुरे वाक्य त्यांनी पुढे नेले. आणि उतारवयात, मुलगा देवदत्त याच्या साहाय्याने, आपल्या आयुष्याची ही कहाणी सांगितली. श्रद्धेवरील काव्य आणि संसाराची आठवण ही दोन्ही कामे एकाच हातून सिद्ध झाली, ही गोष्ट प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने सूचक आहे.

७

या ग्रंथाच्या मर्यादांचाही विचार करावयास हवा. अन्यथा हे पुनर्वाचन केवळ स्तुतिपाठ ठरेल. पहिली मर्यादा ही की, जातिभेद टाकल्याचा प्रसंग जितका हृद्य आहे, तितका त्या त्यागाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसांचा परिचय आपल्याला होत नाही. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजात महार-मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती. ज्यांच्या हातचे पाणी लक्ष्मीबाईंनी स्वीकारले, त्यांना ते देताना काय वाटले असेल, त्यांची स्वतःची श्रद्धा कोणत्या विपत्तीतून आली, हे या ग्रंथात जवळजवळ अनुच्चारितच राहते. दलित आत्मकथनांच्या प्रकाशात वाढलेल्या आजच्या विद्यार्थ्याला ही उणीव जाणवणारच, आणि ती जाणवू द्यावी.

दुसरी मर्यादा निवेदनतंत्राची. लक्ष्मीबाई घटना सांगतात, मनाचे विश्लेषण क्वचितच करतात. त्यामुळे त्यांच्या श्रद्धेतील संशयाचे क्षण आपल्याला अनुमानानेच गाठावे लागतात. पंडिता रमाबाईंच्या लेखनात श्रद्धेची बौद्धिक झुंज दिसते. धर्मगुरूंशी पत्रव्यवहारातून वाद घालणारी ती विदुषी आहे. लक्ष्मीबाईंचे क्षेत्र ते नव्हे. एकीची श्रद्धा प्रश्नांतून सिद्ध होते, दुसरीची सहवासातून. दोघींना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. मात्र ‘स्मृतिचित्रे’मध्ये जे नाही ते इतरत्र शोधावे लागते, हे नमूद केले पाहिजे. तिसरे असे की, टिळकांच्या निधनानंतरच्या भागात रचना काहीशी विस्कळीत होते. ज्याच्या भोवती निवेदनाची सारी उत्कटता एकवटली होती तो केंद्रबिंदूच नाहीसा होतो. पण ही विस्कळितपणाची जाणीव विधवेच्या जीवनातील रितेपणाशी इतकी सुसंगत आहे की, तिला निव्वळ दोष म्हणवत नाही.

८

संसार आणि परमार्थ यांचा विरोध हा आपल्या भक्तिपरंपरेतील जुना प्रश्न आहे. संतांच्या चरित्रांत हा विरोध बहुधा संताच्या बाजूने सांगितला गेला. देवाकडे डोळे लागलेल्या नवऱ्याच्या घरात पीठ कोण दळत होते, आणि ते दळताना तिच्या मनात कोणता देव होता, हे त्या कथांतून पुरते कळत नाही. तुकोबांच्या आवलीला लोकांनी कजाग ठरविले. तिची बाजू तिच्या शब्दांत आपल्यापर्यंत आली नाही. ‘स्मृतिचित्रे’ हा त्या मौनाला मिळालेला शब्द आहे. एका परमार्थी पुरुषाच्या पत्नीने प्रथमच आपला संसार स्वतः सांगितला आणि तो सांगता सांगता तिची स्वतःची, कोणाकडून उसनी न घेतलेली श्रद्धाही सांगितली गेली.

म्हणून या ग्रंथाच्या अभ्यासकाने श्रद्धेला पार्श्वभूमी मानू नये. टिळकांच्या घरातील चूल, पाणी, पाहुणे, आजार आणि मरणे यांच्याखेरीज लक्ष्मीबाईंच्या धर्माला वेगळे देऊळ नाही, आणि त्या धर्माखेरीज या घराची कथा उभी राहत नाही. माझ्या तासांना बसलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांना हा ग्रंथ मी अर्धाच दिला, याची रुखरुख आता जाणार नाही. पुढे येणाऱ्यांनी तो पुरता घ्यावा.